मशीनला वाटतं दोन हजार दोन साल आहे

मुदस्सिर छतावर, मी खाली खिडकीशी.
सोड म्हटलं की तार सोडायचा,
थांब म्हटलं तरी हातभर जास्तच यायची.
काळी, बारीक. आत म्हणे काचेचा धागा.
"मोडना नक्को मॅडम,
उजाला हय अंदर."

खांब शिवलिंगअप्पांच्या घड्याळाच्या दुकानापाशी.
तिथून लिंबाच्या फांदीवरून,
कपडे वाळवायच्या दोरीला बिलगून
तार आमच्या भिंतीपर्यंत आली.
उदगीरचा काळा दगड. ड्रिल दोनदा रुसलं,
मग वीजच गेली, आम्ही चहा घेतला.
शेवटी करंगळीएवढं भोक पडलं
आणि त्यातून उन्हाचा एक ठिपका
माझ्या टेबलावर येऊन बसला, चार आण्याएवढा.
मुदस्सिरनं भोकात तार घातली.
ठिपका गेला.

राउटर पांढरा, दोन शिंगांचा.
फडताळावर ठेवला तर म्हणाला,
घागर बाजूला घ्या, तांब्याला रेंज अडते.
लग्नातली घागर. पहिल्यांदाच हलली.
खाली फळीवर तिच्याएवढा गोल,
तेवढीच फळी अजून नवी.

"काय करूलालीस अक्का?" शेजारून गंगूबाई.
"इंटरनेट घेऊलाले."
"मोबाइलमधी हाय की!"
हाय की. पण मला बोटं टेकवायला जागा लागते.

मांजरा कॉम्प्युटर क्लास बंद केला तेव्हा
सहा मशीनं होती. चार भंगारात, किलोवर गेली.
बोर्डाचा पत्रा गंगूबाईच्या कोंबड्यांवर आहे,
त्यावर 'टायपिंग व डीटीपी' अजून वाचता येतं.
उरलेली दोन मी झाकून ठेवली,
क्रोशाच्या झालरीखाली, पाहुण्यांसारखी.
एकाला निळी केबल जोडली.
दुसऱ्याच्या पाठीत नखाएवढा डोंगल.
नवीन विंडोज त्यांना झेपत नाही,
म्हणून मीच दोन रात्री जागून
पेनड्राइव्हवरून हलकं लिनक्स चढवलं होतं.
मुदस्सिर बघत राहिला. "आप को आता?"
मी शिकवायचे रे, म्हटलं.

दिवे हिरवे झाले. नेट आलं.
पान मात्र उघडेना. म्हणे प्रमाणपत्र चालणार नाही,
त्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही.
कोपऱ्यात तारीख बघितली:
एक जानेवारी दोन हजार दोन.
"अरे मॅडम," मुदस्सिर हसला,
"मैं तो पैदा बी नै हुआ."

त्या वर्षी दोन पाळ्यांत एकवीस मुली यायच्या.
चपला दाराबाहेर काढायला लावायचे मी,
आम्हाला खरंच वाटायचं,
धुळीनं व्हायरस येतो.

वरचा बाण दाबत वर्षं पुढं नेली,
तीन, चार, पाच, टक टक.
क्लास बंद झाला ते साल बोटाखाली आलं,
न थांबता गेलं.
आजवर आले. पान उघडलं.
तेवढ्यात वीज गेली, आली,
आणि मशीन परत दोन हजार दोनमध्ये.

अप्पांकडं गेले. डोळ्याचं भिंग न काढता
त्यांनी सेल दिला, पंचवीस रुपये.
"कुठल्या घड्याळाला?"
"कॉम्प्युटरला."
"त्याच्यात बी घड्याळ असतंय?"
"असतंय. वीज नसली तरी चालतंय."
"मग बंद कसं पडलं?"
काय सांगणार. झाकून ठेवलं होतं म्हटलं.

परत आले तर मुदस्सिर पासवर्ड विचारत होता,
आठ अक्षरं तरी पाहिजेत, मॅडम,
नाव नको, जन्मतारीख नको.
मी दिला: चप्पलबाहेर.
एका बोटानं त्यानं सावकाश टाइप केला,
मग उंबऱ्याकडं बघितलं.
त्याचे सँडल बाहेरच होते,
एक उलटा पडलेला.